घुगरीचा भार

ममताच्या दुकानात येणाऱ्या बाया आधी दार लोटून घेत आणि मगच डोक्यावरचा पदर काढत. डॉक्टरला जखम दाखवावी तसे केस दाखवत. बाजारातल्या पुडीने काळे केलेले, मुळं पांढरी दिसली म्हणून पुन्हा काळे केलेले, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून लाल केलेले. टाळूशी तेलकट, टोकाशी झाडूसारखे. ममता एक केस घ्यायची, वाटीतल्या पाण्यात बुडवायची आणि दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून हळू ताणायची. चांगला केस ताणला की लांबतो, सोडला की परत येतो. बिघडलेला शेवयीसारखा नुसता लांबत जातो आणि तुटतो. आवाजही होत नाही.

तो तुटला की बाईचा चेहरा उतरायचा. मग ममता म्हणायची, “घाबरू नोको. केस मेलेलाच असते. आपल्याले फक्त तो मेला हाय हे लोकाइले दिसू द्याचं नाही.”

बाया हसायच्या. हे वाक्य ती कितीतरी वर्षं म्हणत होती. गेल्या चैत्रापासून तिने ते म्हटलेलं नाही.

पांढरकवड्याच्या बस स्टँडमागे, कृषी केंद्र आणि मोबाईल दुरुस्तीवाला यांच्या मधल्या खोलीत हे दुकान. ममताचं घर तांड्यावर, महामार्ग सोडून आत, सागाच्या जंगलाला लागून. तांड्याची सून गावात जाऊन बायांची डोकी धुते, हे सुरुवातीला कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. नवरा संजय काही म्हणत नव्हता, पण लोक म्हणत होते. तेव्हा एका सकाळी तिची सासू लालीबाई फेटिया-कांचळी हा घागरा-चोळीचा पेहराव घालून, दंडावर बलियांच्या पांढऱ्या बांगड्या चढवून, केसांत घुगरी लटकवून दुकानात आली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसली. काही करून घेतलं नाही. दिवसभर नुसती बसली. रस्त्यावरून तांड्यातलं जे कुणी जाईल त्याला हाक मारून चहा पाजला. त्या दिवसानंतर कुणी बोललं नाही. ममता सासूला याडी म्हणायची, म्हणजे आई. त्या दिवसापासून ते नुसतं म्हणणं राहिलं नाही.

घुगरी म्हणजे चांदीचे घुंगरांचे झुपके. लग्न झालेल्या बंजारा बाईच्या दोन्ही कानशिलांवर, केसांत गुंफून बांधतात. नवरा आहे तोवर. तो गेला की उतरवतात. आताच्या सुना बांधत नाहीत. ममताही नाही. लालीबाई मात्र सणावाराला, लग्नाकार्याला बांधायचीच. चांदी खरी होती, जुनी होती, आणि जड होती.

सासरा गुलाबसिंग. जन्मभर त्याने नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. म्हातारपणी ढाब्यावर बसून दुसऱ्यांचे ट्रक बघायचा आणि कोणता ड्रायव्हर गियर कसा टाकतो यावर बोलायचा. मिशी काळी करायचा. ममताला म्हणायचा, “सूनबाई, माह्या मिशीले फेशियल करून देजो.” घरात पाचवं माणूस रुपीबाई, गुलाबसिंगची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली ती तिथेच राहिली. बकऱ्या सांभाळायची. बोलायची कमी.

सुरुवात थट्टेने झाली. लालीबाईचं माहेर ढाणकीकडचं. तिकडे एका कार्यात कुणाच्या नव्या सुनेने गुलाबसिंगच्या मिशीकडे आणि लालीबाईच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहून विचारलं, हे तुमचे धाकटे दीर का. गुलाबसिंगला तेवढंच हवं होतं. घरी आल्यापासून तो बायकोला वहिनी म्हणायला लागला. “वहिनी, पाणी देता का?” जेवताना, अंगणात, चार माणसांत. लालीबाईही हसायची. म्हणायची, देते, दिरा. पण पुढच्याच बाजारात तिने काळ्या मेंदीची पुडी घेतली.

ममताला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती सगळ्यांनाच सांगायची, की रंग फक्त नव्याने आलेल्या मुळांना लावायचा, टोकापर्यंत दर वेळी ओढायचा नाही. पण सुनेला सांगायची लालीबाईला लाज वाटली. तिने सगळं डोकं शेंड्यापर्यंत माखलं आणि प्लास्टिकची पिशवी बांधून वाळून कडक होईपर्यंत ठेवलं. मुळं पांढरी दिसली की पुन्हा तेच. केस कोरडे पडले तेव्हा त्यावर तेल ओतलं. तेलावर धूळ बसली. केस चपट झाले, टाळूला चिकटले, आणि ओढणीच्या आत एकेक करून तुटायला लागले.

एका दुपारी ती दुकानात आली. खुर्चीत बसली. या वेळी नुसती बसायला आलेली नव्हती. ममताने दार लोटलं. सासूची ओढणी उतरवली आणि केस बोटांनी बाजूला केले. कानशिलांवर, जिथे घुगरी बांधतात नेमकी तिथेच, केस सर्वांत विरळ झाले होते. डाव्या बाजूला तर बोटभर जागा उघडी होती.

लालीबाईने कनवटीची पुरचुंडी काढून उलगडली. आत डावी घुगरी होती आणि घुगरीत अडकलेला काळा झुबका.

होळीच्या दिवशी हे झालं होतं. ती नाचून आली आणि घुगरी आपोआप तिच्या हातात आली, केसांसकट. तिने कुणाला दाखवली नाही. नवरा जिवंत असताना घुगरी आपणहून उतरली तर त्याचा अर्थ काय, हे तांड्यातल्या लहान पोरीलाही कळतं.

“मी तशीच उभी होती,” लालीबाई म्हणाली. “तिकून तुह्या सासऱ्याले घाम फुटला. ढाब्यावर खाली बसले. डावा हात चोळून राह्यले. म्हणे पित्त हाय.”

ममताने वाटी खाली ठेवली. म्हणाली, याडी, बाबांना यवतमाळला दवाखान्यात नेऊ. उद्याच नेऊ. छातीचा फोटो काढू.

लालीबाईने मान हलवली. ते कुठं ऐकतात. सोडा प्यायले, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढाब्यावर. आणि दुखणं तिथलं नव्हतंच. “दुखनं इथून आलं,” ती कानशिलाला हात लावून म्हणाली. “घुगरी पडली म्हणून त्याइले घाम फुटला. आता चैतात ढाणकीले माह्या भाचीचं लग्न हाय. मले बांधाच लागते. सगळ्याइच्या समोर पडली, तं काय समजायचं? तू केस घट्ट करून दे. घुगरी राह्यली, तं ते राह्यतीन.”

ममता म्हणाली, या वेळी नका बांधू. ओढणीला पिन लावून लटकवू, कुणाला कळणार नाही. लालीबाईने पुरचुंडी पुन्हा बांधली. केसांत नाही ती घुगरी उतरवलेलीच, आणि उतरवलेली घुगरी कोण वापरतं, ते दोघींनाही माहीत होतं. कुणीच वापरत नाही.

मग लालीबाईने तिच्याकडून संजयच्या डोक्याची आण घेतली. घुगरी पडल्याचं कुणाला कळता कामा नये.

ममता कामाला लागली. शाम्पू पाण्यात पातळ करून आधी नुसती टाळू धुतली, बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. तेलाचा थर निघायला एक धुणं पुरलं नाही. दुसऱ्यांदा फेस आला. गरम पाणी तिने दुकानात घेऊ दिलंच नाही. जवस शिजवून काढलेला चिकट गर टोकांना लावला, टाळूला नाही. गार पाण्याने शेवटचं धुतलं. टॉवेलने खसाखसा पुसू दिलं नाही, जुन्या सुती लुगड्यात दाबून पाणी टिपलं. डोकं खाली लोंबतं ठेवून वाळवलं म्हणजे चपट बसलेली मुळं उठतात, तसं वाळवलं. शेंडे कापायला लालीबाई तयार नव्हती. ममताने तिला बोलण्यात गुंतवून बोटभर कापले.

चार-पाच वेळा असं झालं. केसांवर तजेला आला. ते फुगले, हलायला लागले. गुलाबसिंगने पाहिलं आणि वहिनी आता कॉलेजात जाणार का विचारलं. तो पायऱ्या चढताना थांबायला लागला होता. थांबायचा आणि कुणीतरी बघत असेल तर चप्पल झटकायचा. ममताने त्याला सरळ विचारलं, बाबा, छातीत दुखते का. तो म्हणाला, ट्रकवाल्याची छाती हाय, सूनबाई, इंजिन गरम होतेच. लग्न होऊ दे, मग जाऊ. ममताने संजयलाही म्हटलं. तोही म्हणाला, लग्न झालं की नेतो. सगळं त्या लग्नाच्या पलीकडे ढकललं गेलं.

आणि दर खेपेला ममता कानशिलावरचा एक केस ओला करून ताणायची. तो लांबत जायचा आणि तुटायचा. वरून सगळं जिवंत दिसत होतं. हे तिचंच कसब होतं. मुळातून नवा केस यायला महिने लागतात, आणि लग्न तोंडावर आलं होतं.

तिने गंगावन सुचवलं, बाजारात मिळतं तसं. त्यात घुगरी गुंफू, गंगावन मागच्या दाट केसांत बांधू, भार मागे जाईल. लालीबाईने कानांवर हात ठेवले.

“दुसऱ्या बाईचा केस माह्या घुगरीले? कोणाचा म्हनून? कोण्या रांडव बाईचा निघाला, तं?”

ते खरंच होतं. बाजारातला केस विधवेचा नाही, हे कोण सांगणार. मग ममताला गुंतवळ आठवलं.

विंचरताना निघालेले केस तांड्यातल्या बाया फेकत नाहीत. वाऱ्यावर गेले आणि कुणाच्या हाती लागले तर करणी होते म्हणतात. थुंकी लावून गोळा करतात आणि भिंतीच्या भोकात खुपसतात. मोटरसायकलवर केसवाला येतो, त्याला देतात, तो बदल्यात भांडं देतो. लालीबाईच्या घरच्या मागच्या मातीच्या भिंतीत असं एक भोक होतं. केसवाला फार दिवसांत आला नव्हता. आतलं गुंतवळ रंग लावण्याआधीचं होतं. म्हणजे स्वतःचेच केस, आणि मजबूत.

लालीबाईला हे पटलं. आपलाच केस आपल्या डोक्यावर, यात कसला दोष.

दुपारी दुकान रिकामं असताना ममता ते गुंतवळ सोडवत बसायची. धुऊन, एकेक केस ओढून, सारखे करून. बोटांना दोन प्रकारचे केस लागत होते. एक बारीक आणि किंचित वळलेला. दुसरा जाड, सरळ, पांढराशुभ्र. केस हातात घेऊन बाईचं वय सांगणारी ही बाई. तिचा हात थांबला. मग तिने स्वतःला समजावलं, वयाबरोबर केस बदलतो. आधीचा वेगळा, नंतरचा वेगळा. तिने एक जाड केस ओला करून ताणला. तो लांबला आणि परत आला. तिला इतकं बरं वाटलं की पुढचा विचार तिने केलाच नाही.

त्या केसांच्या दोन बारीक वेण्या तिने घातल्या. मधून काळा दोरा घेतला, वरून थोडा रंग दिला. दोन्ही वेण्या एका पट्टीला शिवल्या, पट्टी मागच्या दाट केसांखाली लपवली. लग्नाच्या सकाळी घुगरी त्यात गुंफली आणि गाठींवर गाठी मारल्या. लालीबाईने मान जोरात हलवून पाहिली. घुंगरं वाजली. काही सुटलं नाही. तिने सुनेच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बाहेर गाडी उभी होती. गुलाबसिंग पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला शहाणपण शिकवत होता. लालीबाई मागे जाऊन बसली. रुपीबाई घरीच राहणार होती, बकऱ्यांमुळे. ममता तिला सांगून निघायला मागे गेली, तर रुपीबाई भिंतीच्या भोकात हात घालून उभी होती. गल्लीत केसवाल्याची आरोळी चालू होती.

“गुंतवळ कुठं गेलं वो?” रुपीबाईने विचारलं. “माहंही त्याच्यातच होतं. मी तं बरसोंपासून त्याच्यातच घालते. मले कुठं येगळं भोक पाडा लागते?”

ममता तिच्या डोक्याकडे पाहत राहिली. जाड, सरळ, पांढरेशुभ्र केस.

गाडीचा हॉर्न वाजला. संजयने हाक मारली. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. सांगितलं तर घुगरी उतरवावी लागणार, आणि उतरवणं म्हणजे काय ते लालीबाईने सांगितलंच होतं. नाही सांगितलं तर विधवेच्या केसांत सौभाग्य लटकणार. इकडून पाहिलं तरी तेच, तिकडून पाहिलं तरी तेच. ममता पार्लरवाली होती, बारावी झालेली होती. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

“उंदरानं नेलं असन, आत्याबाई,” ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

लग्न भर उन्हात लागलं. मांडवात पत्रे तापले होते. जेवणं झाल्यावर बायांनी फेर धरला. लालीबाई मधोमध होती. मान टाकायची, वळायची, आणि दोन्ही कानशिलांवर चांदी झुलायची. आलेल्या बाया म्हणत होत्या, अशी घुगरी आता पाहायला मिळत नाही. ममता मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिची नजर त्या दोन झुपक्यांवरून हलली नाही. डावी. उजवी. पुन्हा डावी. तिला वाटत होतं, काही व्हायचं असेल तर ते तिथेच होईल.

गुलाबसिंग मागच्या खुर्चीत बसला होता. रुमालाने मान पुसत होता. पण मांडवातलं प्रत्येक माणूस मान पुसत होतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “पाणी देता का?”

आजूबाजूचे हसले. लालीबाईही हसली. नाचता नाचताच म्हणाली, “थांबा, दिरा. तुमची वहिनी नाचून राह्यली.”

फेर संपला. ती तांब्या घेऊन गेली तेव्हा त्याची मान खांद्यावर कलली होती आणि रुमाल खाली पडला होता.

उमरखेडच्या डॉक्टरने सांगितलं, दुखणं जुनं होतं. आधी आणायला हवं होतं. महिनाभर आधी आणलं असतं तरी चाललं असतं. संजय हे ऐकून भिंतीला टेकला. लालीबाईने ऐकलंच नाही. ती दोन्ही हातांनी घुगरी चाचपत होती. जागच्या जागी होती. एक घुंगरू हललेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर बाया जमल्या. बलिया उतरल्या. घुगरी उतरवायची ती घरातल्या थोरल्या विधवेने. रुपीबाई भावजयीच्या मागे बसली. गाठ तिला सुटेना. तिने ओढून पाहिली, दातांनी पाहिली. शेवटी रुपीबाईने मान वर केली आणि ममताला हाक मारली.

ममता कात्री घेऊन आली. सासूच्या पाठीशी गुडघे टेकून बसली. जे पडू नये म्हणून तिने आठवडे घालवले होते ते ती स्वतःच्या हाताने कापायला लागली. एक गाठ. दुसरी. रंग ओला होऊन उतरला होता आणि वेणीतून पांढरा केस बाहेर आला होता. जाड, सरळ. रुपीबाईने तो दोन बोटांत धरला. उजेडाकडे केला. मग हळूच हात आपल्या डोक्याकडे नेला.

दोघींची नजर भेटली. बाकीच्या बाया रडत होत्या.

रुपीबाईने दोन्ही वेण्या मुठीत घेतल्या आणि मूठ पदराखाली नेली. ममताच्या कानाशी वाकली.

“मी जाळून टाकते. तू तोंडातून काढू नोको. मरेपर्यंत.”

बाबांना जुनं दुखणं होतं, हे ममताला कळतं. कागदावर लिहून दिलेलं आहे. ज्या महिन्यात त्यांना दवाखान्यात न्यायचं त्या महिन्यात आपण गुंतवळ सोडवत बसलो, हेही तिला कळतं. पण संध्याकाळी भिंतीजवळून जाताना तिची नजर त्या भोकाकडे जाते आणि कळलेलं सगळं पुसलं जातं. भोक आता लिंपलेलं आहे. रुपीबाईनेच लिंपलं. घरातल्या दोन्ही म्हाताऱ्या आपापले केस आता चुलीत घालतात. जळका वास येतो.

दिवाळीच्या आसपास लालीबाई दुकानात आली. दंड उघडे, मोकळे. बलियांखालची कातडी तेवढी अजून गोरी होती. ममताने दार लोटलं. लालीबाई खुर्चीत बसली आणि तिने पदर मागे केला.

काळे, मेलेले केस कधीच कापून झाले होते. कानशिलांवर नवीन केस आले होते. पांढरे, दाट, मुळाशी ताठ उभे राहिलेले. उघडी पडलेली जागा भरून निघाली होती.

“पाह्य बरं एक,” लालीबाई म्हणाली.

ममताने वाटीत पाणी घेतलं. एक केस ओला केला, बोटांना जेमतेम गुंडाळला आणि ताणला. तो लांबला. तिने सोडला. तो परत आला.

“घट्ट झाला न?”

“हो, याडी.”

“मले माहीत होतं. तुह्या हाताले यश हाय.” लालीबाई आरशात पाहत होती, पण स्वतःकडे नाही, सुनेकडे. “तू बांधलेली पडली नाही, पाह्य. शेवटपर्यंत पडली नाही. मंग ते कसे गेले?”

ममता वाटीतलं पाणी ओतायला वळली. नळ उघडला. पाणी वाहत राहिलं. मागून लालीबाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच हळू आवाजात.